रिकामा ताबा

२ जून

प्रिय धाकटे,

फोनवर आपलं जमत नाही. मी दोन वाक्यं बोललो की तू गप्प होतेस, आणि तू गप्प झालीस की माझा आवाज चढतो. तुझी वहिनी म्हणाली, त्यापेक्षा लिहून कळवा. म्हणून लिहितो आहे.

घराला गिऱ्हाईक मिळालं. दातांचे डॉक्टर आहेत, बायकोही डॉक्टर. खाली दवाखाना काढणार, वर राहणार. माणसं सज्जन आहेत, घासाघीस केली नाही. बाबांना जाऊन दोन वर्षं होतील, आई तर त्याआधीच गेली. पुढची खोली कुलपात आहे, वरचा मजला धूळ खातो आहे. घर असं ठेवण्यात काही अर्थ नाही, हे तूच मागे म्हणाली होतीस.

सोबत हक्कसोडपत्र पाठवतो आहे. तुझा हिस्सा तू माझ्या नावे सोडलास की पुढे एकाच सहीने काम होईल. ही फक्त कागदोपत्री सोय आहे. व्यवहार झाला की तुझं तुला मिळेल, हे मी वेगळं लिहायला नको. मागे सौद्याच्या कराराची प्रत टाचली आहे, ती तुझ्या माहितीसाठी. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि परत पाठव.

आत्याची काळजी करू नकोस. एका चांगल्या निवासात तिची सोय बघितली आहे. बाग आहे, डॉक्टर रोज येतात, प्रत्येक खोलीत टीव्ही आहे. मी तिच्या कानावर घातलं. 'बघा तुम्हाला काय ते,' म्हणाली. म्हणजे ती तयार आहे.

तुझा,
दादा

९ जून

प्रिय दादा,

तुझा कागद मी वाचला.

हे वाक्य लिहायला मलाच जड गेलं, तेव्हा वाचताना तुला काय वाटेल याची कल्पना आहे. आपल्या घरात घरच्या माणसाने पुढे केलेला कागद वाचायची पद्धत नाही. बाबा समोरच्याच्या तोंडाकडे बघत सही करायचे आणि वर विचारायचे, "घर तर लिहून घेत नाहीस ना रे?" मग सगळे हसायचे. वाचणं म्हणजे अविश्वास. मी पोटासाठी छापखान्यात मुद्रितं तपासते, लोकांचे स्वल्पविराम शोधून काढते, पण घरच्या कशावर डोळे फिरवायचे म्हटलं तर मला चोरी केल्यासारखं वाटतं. तरी वाचला. आधी हक्कसोडपत्र, मग मागे टाचलेला करार.

करारातलं वाक्य असं आहे: 'सदर घर पूर्णपणे रिकामे असून त्यात कोणाचेही वास्तव्य नाही, व खरेदीदारास रिकामा ताबा देण्यात येईल.'

दादा, कोणाचंही वास्तव्य नाही? जिन्याखालच्या खोलीत मग कोण राहतं? स्वयंपाकघरातला दिवा सकाळी कोण लावतं? आजी-आजोबांची शेवटची दुखणी कोणी काढली? आणि आईचं? तू तेव्हा नोकरीनिमित्त बाहेर होतास, माझं लग्न झालं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून पाळी संपवून आत्या घरी यायची आणि पदर खोचून आईची पाठ पुसायला बसायची. ती 'कोणी' नाही?

आणखी एक. मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला होता. आकाश भरून आलंय, मांजरीला पिल्लं झाली, अशा सुरात सांगत होती. म्हणाली, "आज घरात माणसं येऊन गेली. मी जरा आडवी झाले होते. दार उघडलं तर मला वाटलं, थोरला आला. तर तो दलाल, आणि दोन डॉक्टर. त्यांनी खोलीची मापं घेतली. पलंगाखालून टेप जाईना म्हणून मी पाय वर घेतले."

मी विचारलं, "काही बोलले का?"

"बाई म्हणाल्या, या भाडेकरू का? तो म्हणाला, छे छे, घरातल्याच आहेत, निघून जातील."

पाय वर घेतले, दादा! स्वतःच्या पलंगावर! आणि दलालाकडे किल्ली कोणाची होती? तुझी. माझ्याकडेही एक आहे, ती आपण कधी वापरतो तर आत्याला न उठवता आत जाता यावं म्हणून. तू ती किल्ली परक्या माणसाच्या हातात दिलीस.

मी रागावले आहे ते नेमकं कशावर, हे काल वहीत लिहून पाहिलं. माझ्या हिश्शाची धास्ती आहे का? थोडी असेल; नाही म्हटलं तर खोटं होईल. पण ती नसती तरी मी ही सही केली नसती. आत्या जिवंत असेपर्यंत तिला त्या घरात राहू द्यायला हवं. एवढा मोठेपणा आपण दाखवू शकत नसू तर कशाला शिकलो आपण?

आणि टीव्हीचं म्हणशील तर तिला टीव्हीची चीड आहे. तुला ते माहीत असायला हवं होतं.

धाकटी

१६ जून

धाकटे,

तू वाचलास. ठीक आहे. म्हणजे इथवर आलो आपण.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला दाखवलं नाही. मलाच लाज वाटली. आयुष्यात मी तुझ्यापासून कधी काही लपवलं? तुझ्या फीसाठी बाबांशी कोण भांडलं होतं? आता तू माझ्या कागदावर पेन्सिल घेऊन बसणार. उद्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघशील.

'रिकामं' हा शब्द माझा नाही, डॉक्टरांच्या वकिलाचा आहे. सगळ्या करारात तसंच असतं. व्यवहार होईपर्यंत घर रिकामं होईल असा त्याचा अर्थ. तू प्रत्येक शब्दाला चिमट्यात धरून उजेडात बघतेस, म्हणून तुला जगणं जड जातं.

दलालाने वेळ कळवायला हवी होती. त्याला मी झापलं.

आत्याच्या बाबतीत मला शिकवू नकोस. दर महिन्याला तिची औषधं कोण पाठवतं? तिच्या पोटऱ्या सुजतात, जिन्याखालची खोली ओली आहे, रात्री पडली तर कोण उचलणार? तू? तू किती वेळा जातेस? मी निदान सोय बघितली. तू पत्रात मोठेपणा दाखवतेस.

घर बाबांच्या नावावर आहे. घरपट्टी बाबांच्या नावाने येते, दारावर बाबांच्या नावाची पाटी आहे. बाबांनंतर तू आणि मी. तिसरं कोणी नाही. मी डॉक्टरांना शब्द दिला आहे, आणि मी शब्द पाळणारा माणूस आहे.

सही कर.

दादा

२३ जून

प्रिय दादा,

'तू किती वेळा जातेस?' हा तुझा प्रश्न खरा आहे. मी क्वचितच जाते, हे आधी लिहून ठेवते.

आता ऐक. आमच्या छापखान्यात एका वकीलबाईंचं पुस्तक चालू आहे. वारसाहक्कावरच आहे, सामान्य माणसाला कळेल असं. काल त्यांची मुद्रितं द्यायला गेले आणि राहवेना, म्हणून विचारलं. नावं सांगितली नाहीत, 'माझ्या एका ओळखीच्या घरातली गोष्ट' म्हणाले. त्या हसल्या. म्हणाल्या, "ओळखीच्यांच्याच गोष्टी घेऊन येतात सगळे. घर कोणी घेतलं?"

"आजोबांनी."

"मृत्युपत्र?"

"आजोबा मरणाचा विषय काढला की उठून जायचे."

"आजोबांना मुलं किती?"

दादा, मी 'एक' म्हणणार होते. 'ए' तोंडातून निघाला होता. मग थांबले आणि म्हणाले, "दोन. एक मुलगा, एक मुलगी."

त्यांनी चष्मा काढला. "मुलगी हयात आहे?"

"आहे. त्याच घरात राहते."

"मग अर्धं घर तिचं आहे. आज झालं असं नाही, आजी-आजोबा गेले तेव्हापासून. मुलग्याचं अर्धं, ते पुढे त्याच्या मुलांचं. घरपट्टी कोणाच्या नावाने येते ते सोडा. ती पावती आहे, मालकी नव्हे. तिने कधी हक्क सोडून दिल्याची नोंदणी केली आहे का?"

मी म्हटलं, तिला कोणी विचारलंच नाही.

रस्त्याने परत येताना मी नुसती तडफडत होते. आधी तुझा राग आला, मग बाबांचा. त्यांनी हे जाणून केलं नसेल. ते आजोबांचे सगळे कागद आपल्या पिशवीत घेऊन फिरायचे, कचेरीत 'मुलगा कोण?' म्हणून विचारलं तर 'मी' म्हणायचे, आणि 'मुलगी?' असं कोणी विचारत नसेल. मग राहिलेला राग माझ्या मागच्या पत्राकडे वळला. 'तिला राहू द्यायला हवं', 'मोठेपणा दाखवायला हवा'. कसला मोठेपणा! राहू देणारे आपण कोण? आपण तिच्या घरात बसून तिला तिच्याच खोलीची भीक घालत होतो. तू 'नाही' म्हणत होतास आणि मी 'हो' म्हणत होते, एवढाच आपल्यात फरक.

तेव्हा डॉक्टरांना कळव की घर तुझं एकट्याचं नाही, आपलं दोघांचंही नाही, आणि रिकामं तर नाहीच.

आत्याला यातलं काही अजून सांगितलेलं नाही. या वयात तिच्या जिवाला घोर नको. आपण आपसांत नीट करू.

धाकटी

८ जुलै

प्रिय धाकटे,

उत्तराला वेळ लागला. घरी जाऊन आलो.

तुझ्या वकीलबाईंचं बरोबर आहे. डॉक्टरांच्या वकिलानेही कागद तपासताना तेच काढलं. आत्याचा अर्धा हिस्सा निघतो. म्हणून मी शहाणपणाने काय केलं, तिचंच हक्कसोडपत्र करून घेतलं, माझ्या नावे. कायदा पाळा म्हणत होतीस ना? पाळला.

फळं घेऊन गेलो होतो. दोघं स्वयंपाकघरात चहा प्यायलो. तिने माझ्या पोटाला हात लावून 'जरा कमी खात जा रे' म्हटलं. कागद पुढे ठेवला. एका अक्षराने विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत सही केली, अगदी बाबांसारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. घरातलं जुनं माणूस ते जुनंच माणूस. तुला यातून काही शिकता आलं तर बघ.

अशा कागदाची नोंदणी झाल्याशिवाय तो लागू होत नाही म्हणे. म्हणून शुक्रवारी तिला निबंधकांच्या कचेरीत नेतो आहे. तिथे दोन प्रश्न विचारतात, अंगठा आणि फोटो घेतात, संपलं. मग तुझी सही राहील. आत्या देऊ शकते तर तुला काय अडचण आहे?

दादा

११ जुलै

दादा,

हे पत्र शुक्रवारनंतर तुला मिळेल हे माहीत असूनही लिहिते आहे. न लिहिणं मला शक्य नाही.

तुला पाणी आलं? कशाचं? तिने विश्वास टाकला म्हणून, की काम झालं म्हणून? तू तिला सांगितलंस का, की आत्या, अर्धं घर तुझं आहे आणि या सहीने ते जाणार आहे? हे एक वाक्य बोलून मग तिने सही केली असती तर मी तोंड उघडलं नसतं. तू चहा प्यायलास आणि फुलीवर बोट ठेवलंस. आपल्या घरात वाचत नाहीत हे तुला पक्कं माहीत होतं, आणि त्याच्याच जोरावर तू गेलास. बाबा निदान विनोद करायचे. तू तो विनोद खरा करून दाखवलास!

हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही. आज नाही, कधी नाही.

आत्याला फोन करायला रिसीव्हर दोनदा उचलला आणि ठेवला. काय सांगू तिला? तुझ्या लाडक्या भाच्याने तुला फसवलं? तिने ज्याला कडेवर घेऊन फिरवलं त्याच्याविषयी मी तिच्या कानात विष ओतू? की न सांगता तिला शुक्रवारी जाऊ देऊ? दोन्ही मला गुन्हेच वाटतात. यापैकी लहान कोणता, हे ठरवता ठरवता रात्र गेली आणि मी काहीच केलं नाही.

धाकटी

१६ जुलै

धाकटे,

खूश हो. सगळ्यांदेखत माझी शोभा झाली.

कचेरीत गर्दी होती. डॉक्टर नवराबायको मुद्दाम आले होते, दलाल होता, दोन साक्षीदार होते. आत्या नवी साडी नेसून आली होती, मला वाटलं किती छान. नंबर आला. निबंधक म्हणजे एक तरुण बाई, वर न बघता विचारत होत्या. नाव? वय? सही तुमचीच? आत्या पटापटा उत्तरं देत होती, तिच्या त्या एक्स्चेंजच्या आवाजात.

मग विचारलं, "कागद वाचून, समजून सही केली आहे ना?"

आत्या म्हणाली, "नाही."

त्या बाईंनी वर बघितलं. "वाचला नाहीत?"

"नाही. आमच्या घरात वाचत नाहीत."

मागे कोणीतरी हसलं. मी म्हणालो, मॅडम, ती थकली आहे, मी समजावून सांगितलंय. बाई म्हणाल्या, "तुम्ही मागे सरका." मला! आणि कारकुनाला म्हणाल्या, आजींना मोठ्याने वाचून दाखवा. त्याने पहिल्या ओळीपासून सुरू केलं. सगळी कचेरी ऐकत होती. 'मी माझ्या वडिलांच्या घरातील माझा अर्धा अविभक्त हिस्सा स्वखुशीने, कोणत्याही मोबदल्याशिवाय कायमचा सोडून देत आहे,' इथे आला आणि आत्याने हात वर केला.

"थांबा. हा चुकीचा नंबर लागलाय."

"म्हणजे?"

"हे मी बोललेली नाही. कोणीतरी दुसरंच बोलतंय. लाईन तोडा."

निबंधक बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि 'पुढचे या' म्हणाल्या. डॉक्टरीणबाई जाताना आत्याला नमस्कार करून गेल्या, माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी दुसरं घर बघायला घेतलंय. माझा शब्द गेला.

रिक्षात मी म्हणालो, धाकटीने तुझे कान भरले ना? ती म्हणाली, "कशाबद्दल?" मी रागाच्या भरात सगळं बोलून गेलो, तुझी वकीलबाई, तुझी पत्रं, सगळं. ती उतरताना एवढंच म्हणाली, "म्हणजे तिलाही माहीत होतं."

आता तुझं तू निस्तर.

दादा

२१ जुलै

चि. थोरल्यास आणि चि. धाकटीस, दोघांना एकच मजकूर, आशीर्वादासह.

तुमच्या दोघांच्या मध्ये बोलते आहे. सवय नाही, सांभाळून घ्या.

आमच्या एक्स्चेंजमध्ये एकच गोष्ट पहिल्या दिवशी शिकवत. दोन माणसं जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा. ऐकायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. मी नोकरीत ते पाळलं आणि घरी आल्यावरही पाळत राहिले. वडील आणि भाऊ घराबद्दल बोलायला बसले की मी चहा ठेवून आत जायची. पुढे भाऊ आणि वहिनी बोलायचे, तेव्हाही आत जायची. मग तुम्ही दोघं. कोणी मला आत पाठवलं नव्हतं, हे खरं आहे. पण मी दिसत नाहीये, हेही कोणाला कधी खटकलं नाही.

थोरल्या, तुझ्या कागदावर मी सही केली कारण तू पुढे ठेवलास. तुझ्या तोंडाकडे बघत होते ते विश्वासाने नव्हे. तू माझ्याकडे बघतोस का, ते बघत होते. तू फुलीकडे बघत होतास. कचेरीत मी काही ठरवून गेले नव्हते. तिथल्या मुलीने विचारलं, वाचलंत का, आणि मला वाटलं, अरे, हे या वयात मला पहिल्यांदा कोणी विचारतंय. खरं उत्तर दिलं. मग कारकुनाने वाचलं तेव्हा कळलं की माझं काय काय होतं आणि त्यातलं काय काय मी स्वखुशीने सोडते आहे. सगळ्यांदेखत तुझी मान खाली गेली याचं मला वाईट वाटतं. पण सगळ्यांदेखत नसतं तर मी बोलले नसते.

औषधांबद्दल मी तुझी आभारी आहे. पोटऱ्या अजून सुजतात. त्याचा या घराशी संबंध नाही.

धाकटे, तुझ्यावर माझा राग जास्त आहे. तो थोरला कधी सांगणार नव्हता, त्याच्याकडून मी अपेक्षा सोडली होती. तुला माहीत होतं. तू वकीलबाईला विचारलंस, भावाशी भांडलीस, वहीत लिहिलंस, रात्र जागून काढलीस. माझ्या जिवाला घोर नको म्हणून सगळ्यांशी बोललीस, फक्त माझ्याशी नाही. अग, रात्रपाळीला मी अपघाताचे, मरणाचे, दंगलीचे फोन जोडलेत. माझ्या घराची बातमी मला झेपली नसती? तू माझ्यासाठी भांडत होतीस म्हणतेस. मला तर वाटतं, तुम्ही दोघं एका खोलीचं काय करायचं यावर भांडत होतात आणि त्या खोलीत मी पाय वर घेऊन बसले होते.

रडू नकोस. राग आहे, तो जाईल. तुझा जाईल असं मात्र होऊ देऊ नकोस. तो चांगला आहे, फक्त वेळेवर फोन उचलत जा.

आता माझं म्हणणं. मला घर विकायचं आहे की नाही, हे मला अजून माहीत नाही. या प्रश्नावर मी कधी विचारच केलेला नाही, कारण तो माझा आहे हेच माहीत नव्हतं. मला थोडा वेळ लागेल. कदाचित विकूही. जिना मलाही चढवत नाही, आणि इतक्या खोल्या झाडून माझी कंबर मोडते. पण ते आपण तिघं बसून ठरवू, आणि मी चहा ठेवून आत जाणार नाही. चहा तुमच्यापैकी कोणीतरी ठेवा.

तोवर मी पुढच्या खोलीत राहायला आले आहे. शेजारच्या सुताराने आणि मी पलंग ओढला. त्या खोलीत दुपारभर ऊन येतं, हे मला माहीतच नव्हतं. भाऊ तिथे बसायचा आणि मी चहा देऊन परत फिरायची. जिन्याखालच्या खोलीत आता झाडू, बादल्या आणि तुमच्या लहानपणीची सायकल ठेवली आहे. डॉक्टरांना मापं लागली तर देईन.

सुताराकडून कुलूपही बदलून घेतलं. तुम्हा दोघांकडच्या किल्ल्या आता लागणार नाहीत.

येताना दार वाजवा. मी घरात असते.

तुमची,
आत्या